कान, डोळे आणि मन यांचा जाब

दर्यापूरच्या कोणत्याही शाळेत करता येईल असा एक साधा प्रयोग आहे. काचेचे दोन ग्लास घ्यावेत. एकात जुन्या विहिरीचे पाणी भरावे, दुसऱ्यात शहानूर धरणाचे नळाने आलेले पाणी. दोन्ही दिसायला सारखेच निर्मळ. मग काळ्या रंगाच्या दोन ताटल्यांत प्रत्येकी चार-चार चमचे ओतून त्या उन्हात ठेवाव्यात. वऱ्हाडच्या उन्हाला वेळ लागत नाही. पाणी उडून जाते आणि विहिरीच्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर उरतो, तर दुसऱ्या ताटलीत जेमतेम पुसट डाग दिसतो.

आता मुलांना विचारावे, “काय पाहिले?” बहुतेक मुले एका सुरात सांगतील, “मीठ पाहिले.” आणि एखादा हुशार विद्यार्थी हात वर करून म्हणेल, “सर, इथे पूर्वी समुद्र असणार. म्हणून तर पाणी खारे आणि गावाचे नाव दर्यापूर!”

वाचकहो, दोन्ही उत्तरे चलाख आहेत; पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकही नाही. डोळ्यांनी पाहिला तो पांढरा थर. तो मिठाचा आहे, हे मनाने ठरवले. खरे तर आपल्या भागातील विहिरींच्या पाण्यात खाण्याच्या मिठाखेरीज सोड्याच्या जातीचे इतर क्षारही असतात आणि कोणता क्षार किती, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगता येत नाही. समुद्राची गोष्ट तर त्याही पुढची. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा म्हणजे नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे. चिकण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा नीट होत नाही, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, हे आज सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण आहे. हे क्षार मुळात आले कुठून, याविषयी अभ्यासकांनी एकाहून अधिक अनुमाने मांडली आणि तपासली आहेत. राहिले गावाचे नाव. मराठीत दर्या म्हणजे समुद्र खरा. पण फारसीत हाच शब्द नदीसाठीही वापरतात, आणि आपल्या गावाशेजारून चंद्रभागा वाहते. म्हणजे एका नावावरूनही दोन वेगवेगळी अनुमाने निघू शकतात.

जे इंद्रियांना प्रत्यक्ष जाणवले ते निरीक्षण. त्यावरून बुद्धीने जे ठरवले ते अनुमान. विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा दोन ओळींचा असतो आणि परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. परंतु श्रद्धावंतांसाठी तो दोन गुणांचा विषय नाही. दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने आदेश दिला आहे की, ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे लागू नये; आणि त्याचे कारणही सांगितले आहे, की कान, डोळे आणि मन या प्रत्येकाविषयी माणसाला जाब विचारला जाणार आहे (१७ : ३६). या तिन्हींची नावे तिथे वेगवेगळी घेतली आहेत, याकडे लक्ष द्यावे. कानाने ऐकलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ठरवलेले यांची सरमिसळ करून आपण जेव्हा “मला माहीत आहे” असे म्हणतो, तेव्हा एका वाक्यात तीन वेगळ्या जबाबदाऱ्या लपवत असतो. तो हिशेब देण्याची वेळ येण्याआधी तो वेगळा मांडायला शिकणे आणि आपल्या मुलांना शिकवणे, हा या लेखाचा विषय आहे.

शिक्षकाच्याच वहीतील चूक

हे मी उपदेशकाच्या आसनावरून सांगत नाही. मी शिक्षक आहे. वर सांगितलेला प्रयोग मी आठवीच्या वर्गात करून घेतला होता. फळ्यावर ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आखले होते. मुलांनी उत्तरे लिहिली, मी त्यांतल्या चुका दुरुस्त केल्या आणि धडा छान झाला या समाधानात घरी गेलो.

त्याच आठवड्यात त्याच वर्गातील एक मुलगा पहिल्या तासाला सलग तीन दिवस झोपलेला दिसला. मी त्याच्या वहीत पालकांसाठी शेरा लिहिला: ‘रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहतो. अभ्यासाची आवड नाही.’ दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. त्यांनी कसलीही तक्रार केली नाही. दारातच उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “सर, आमच्या घरात मोबाईल एकच आहे आणि तो माझ्याजवळ असतो. मी रात्रपाळीला असतो. आमच्या गल्लीत नळ रात्री दोन वाजता येतो. याची अम्मी आजारी आहे, तिला उठवत नाही. पाणी हाच भरतो. विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.”

होय, मला माहीत होते. त्याच विहिरीच्या पाण्याचा धडा मी चार दिवसांपूर्वी शिकवला होता! मी पाहिले होते एवढेच, की मुलगा झोपला आहे. मोबाईल मी पाहिला नव्हता. त्याची रात्र मी पाहिली नव्हती. त्याचे अंतःकरण तर मला दिसणे शक्यच नव्हते. तरीही मी अनुमान लिहिले आणि खाली सही केली, म्हणजे साक्ष दिली. ती वही त्या मुलाने बापाच्या हातात दिली असेल, तेव्हा त्याच्या मनाचे काय झाले असेल, या विचाराने आजही लाज वाटते. मी तो शेरा खोडून खाली लिहिले: ‘तीन दिवस पहिल्या तासाला झोप लागली. मी कारण विचारले नव्हते.’ आणि वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली, कारण शेरा सर्वांना कळला होता.

सूरह हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना पुष्कळशा जन्नपासून, म्हणजे अटकळबाजीपासून, दूर राहण्यास सांगितले आहे. कारण काही अटकळी पाप असतात (४९ : १२). ‘बदगुमानी’ हा शब्द आपण वाईट हेतूच्या माणसासाठी वापरतो. माझा हेतू वाईट नव्हता. मुलाचे भले व्हावे असेच वाटत होते. परंतु चांगल्या हेतूने केलेली चुकीची अटकळदेखील निरपराधाच्या माथी बसते, हे मला त्या दिवशी कळले.

डोळे : पाहिले ते किती?

निरीक्षणाचा संस्कार आपल्या दीनमध्ये किती खोल आहे, हे दर महिन्याच्या चांदरातीला दिसते. शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मगरिबच्या सुमारास आपण छतावर जातो. चंद्रकोर दिसली तर रोजे सुरू. ढगांमुळे दिसली नाही तर शाबानचे तीस दिवस पूर्ण करावेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ढगाआड कोर असेलही. पण ‘असेल’ हा शब्द साक्षीदाराचा नव्हे. साक्ष देणाऱ्याला विचारले जाते ते हेच, की तू स्वतः पाहिलीस का, कुठे पाहिलीस, कशी दिसली. खगोलगणिताला यात किती स्थान द्यावे, याबद्दल विद्वानांत चर्चा आहे. ती इथे नको. आपल्यासाठी बोध असा, की संपूर्ण समाजाचा रोजा आणि ईद ज्या एका वाक्यावर उभी राहते, ते वाक्य ‘मी पाहिले’ हे आहे.

परंतु ‘मी पाहिले’ हे वाक्यसुद्धा तपासून घ्यावे लागते. इतिहासग्रंथांत बसरा शहरातील एक प्रसंग सांगितला जातो. लोक चंद्रकोर पाहायला जमले होते. त्यांत प्रेषितांचे वयोवृद्ध सहाबी हजरत अनस बिन मालिक (रजि.) होते. शंभरीच्या जवळ पोहोचलेल्या त्या बुजुर्गांनी आकाशाकडे बोट करून चंद्र दिसत असल्याचे सांगितले. इतर कोणालाही तो दिसेना. पुढे बसऱ्याचे काझी म्हणून आणि चाणाक्ष बुद्धीसाठी प्रसिद्ध झालेले इयास बिन मुआविया तिथे होते. त्यांनी बारकाईने पाहिले, तर हजरत अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. इयास यांनी वाद घातला नाही. आदराने तो केस नीट केला आणि पुन्हा चंद्र दाखवण्याची विनंती केली. आता तो त्यांनाही दिसेना.

किती सुंदर प्रसंग आहे! इतक्या महान सहाबींच्या सत्यनिष्ठेवर कोण शंका घेईल? त्यांना पांढरी, बारीक, वाकडी रेषा खरोखर दिसत होती. तेवढे निरीक्षण अगदी बरोबर होते. ती रेषा आकाशातील कोर आहे, हे अनुमान मात्र चुकले होते. प्रामाणिक माणसाच्या ‘पाहिले’ या शब्दातही अनुमान नकळत शिरते, ते असे. आणि इयास यांचा शिष्टाचारही मुलांना सांगण्याजोगा आहे. समोरच्याला खोटे न ठरवता त्यांनी चुकीचे कारण शोधले आणि पुन्हा पाहायला लावले.

त्याच बसऱ्यात पुढे सन ९६५ च्या सुमारास इब्न अल-हैसम यांचा जन्म झाला. जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात प्रकाशशास्त्राचे थोर आचार्य म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून वस्तू दिसतात, असे ग्रीक परंपरेतील मोठमोठे विद्वान मानत आले होते. इब्न अल-हैसम यांनी वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून दिसते, हे युक्तिवादाने आणि प्रयोगांनी मांडले. ‘किताब अल-मनाजिर’ या आपल्या ग्रंथात त्यांनी दृष्टीच्या चुकांचाही सविस्तर विचार केला आहे. डोळ्यांत प्रकाश आणि रंग उतरतात. पण ही वस्तू कोणती, किती मोठी, किती दूर, हे ओळखताना मन इतक्या वेगाने निवाडा करत असते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या मुलांना त्यांचे नाव केवळ अभिमानासाठी पाठ करायला लावू नये. त्यांची शिस्तही मुलांच्या हाती द्यावी.

कान : ऐकले आणि पुढे पाठवले

कानाची जबाबदारी आज सर्वांत मोठी झाली आहे, कारण कानाशी येणाऱ्या गोष्टी आता खिशात येतात. कोणी बातमी आणली तर ती तपासून घ्या, अन्यथा अज्ञानापोटी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा इशारा सूरह हुजुरातमध्ये दिलेला आहे (४९ : ६). या आयतीच्या पार्श्वभूमीविषयी भाष्यकारांनी जे सांगितले आहे, ते निरीक्षण आणि अनुमान यांच्या दृष्टीने वाचावे. प्रेषितांनी (स.) बनू मुस्तलिक या टोळीकडे जकात आणण्यासाठी एक प्रतिनिधी पाठवला. त्याचे आणि त्या टोळीचे जुने वैर होते. टोळीचे लोक वस्तीबाहेर येत असल्याचे कळताच तो घाबरला, अर्ध्या वाटेवरून परतला आणि त्याने मदीनेत सांगितले की, ते जकात नाकारतात आणि माझ्या जिवावर उठले आहेत. प्रत्यक्षात ते लोक स्वागतासाठी बाहेर आले होते! काही वृत्तांतांनुसार चौकशीसाठी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना पाठवले गेले आणि तिथे गेलेल्यांना त्या वस्तीतून अजान ऐकू आली.

लोक बाहेर आले, एवढीच घटना. ‘मारायला आले’ ही जुन्या वैराने आणि भीतीने तिला लावलेली पुस्ती. त्या पुस्तीवर विश्वास ठेवून लष्कर निघाले असते, तर नमाज पढणाऱ्यांची वस्ती उद्ध्वस्त झाली असती.

हे चौदाशे वर्षांपूर्वीचे आहे म्हणून दूरचे वाटू नये. आपल्याच महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजारात, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेवर गुजराण करणाऱ्या भटक्या समाजातील पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होते. त्यांच्यातील एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. अनोळखी माणूस मुलीशी बोलला, एवढेच लोकांनी पाहिले. मुले पळवली जात आहेत, हे ऐकले. आणि ‘हाच तो’ हे मनाने ठरवले. कान, डोळे आणि मन, तिन्ही एका क्षणात एकमेकांत मिसळले आणि पाच घरे उजाड झाली. जमावातील कोणालाही आपण खोटे बोलतो आहोत असे वाटले नसेल. ऐकलेले सारे काही पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या आशयाचे प्रेषितवचन सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

अशा संदेशांचा बळी कधी आपला समाज होतो, कधी दुसरा. आपल्याविषयी अटकळीने बोलले गेले की आपल्याला वेदना होतात. मग दुसऱ्यांविषयीचा संदेश न तपासता पुढे पाठवताना आपले बोट का अडखळत नाही? न्यायाचे माप दोन प्रकारचे असू शकत नाही. घराघरांतही हेच. “तिला अमक्याबरोबर येताना पाहिले,” या एका वाक्यावर मुलींच्या सोयरिकी मोडतात. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्यावरील आळ याच मार्गाने पसरला होता. काफिला पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या त्या एका सहाबींच्या उंटावरून आल्या, एवढेच दिसले होते. बाकी सारे जिभांनी जोडले. सूरह नूरमध्ये श्रद्धावंतांना विचारले गेले की, ऐकताच तुम्ही आपल्या माणसांविषयी भला विचार का केला नाही (२४ : १२).

मन : अनुमान करावे, पण कसे?

इथे एक गैरसमज होऊ नये. अनुमान करूच नये, असे इस्लामने सांगितलेले नाही. अनुमानाविना ना वैद्य औषध देऊ शकेल, ना शेतकरी पेरणी करू शकेल. कुरआनने जागोजागी आकाश, पर्जन्य आणि वनस्पती यांच्याकडे पाहून विचार करायला सांगितले आहे. पाहणे आणि विचार करणे, दोन्ही. प्रश्न अनुमान तपासलेले आहे की नाही, एवढाच आहे.

सूरह यूसुफ मुलांसोबत या दृष्टीने वाचून पाहावी. तिच्यात एका सदऱ्याच्या खुणेवरून दोनदा निष्कर्ष निघतो. पहिल्यांदा भाऊ रक्त लागलेला सदरा घेऊन प्रेषित याकूब (अ.) यांच्याकडे येतात आणि यूसुफला लांडग्याने खाल्ल्याचे सांगतात (१२ : १७-१८). पुरावा डोळ्यांसमोर आहे, रक्त दिसते आहे. पण पित्याने तो निष्कर्ष स्वीकारला नाही. काही भाष्यकार म्हणतात, सदरा कुठेच फाटलेला नव्हता. मग तो कसला लांडगा? दुसऱ्यांदा, मिसरमध्ये प्रेषित यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला तेव्हा त्या स्त्रीच्याच कुटुंबातील एका साक्षीदाराने कसोटी ठरवली: सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे (१२ : २६-२७). सदरा पाहिला गेला. तो मागून फाटलेला होता. निर्दोष माणूस निर्दोष ठरला.

आधी कसोटी, मग पाहणी, मग निष्कर्ष. यापेक्षा सोपा आणि सुरेख विज्ञानाचा धडा कोणता? भावांनी निष्कर्ष आधी ठरवला आणि त्याला शोभेल असे रक्त नंतर लावले. त्या साक्षीदाराने दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या आणि सदऱ्याला बोलू दिले.

स्वतः प्रेषितांनी (स.) या बाबतीत जी विनम्रता दाखवली, तिला तोड नाही. मदीनेतील शेतकरी नर खजुराचा मोहोर मादी झाडाच्या मोहोरात घालत. हे पाहून, याने काही फायदा होत असेल असे वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार आपण काढले. लोकांनी ते करणे सोडले आणि त्या हंगामात पीक घटले. तेव्हा आपण स्पष्ट केले की, तो माझा केवळ एक अंदाज होता, अंदाजावरून मला धरू नका. अल्लाहकडून काही सांगितले तर ते घ्या. हा वृत्तांत सहीह मुस्लिममध्ये आहे. आपला अंदाज हा अंदाज होता, असे सर्वांसमक्ष सांगणे ज्यांना कमीपणाचे वाटले नाही, त्यांचे अनुयायी म्हणवणारे आपण घरात, शाळेत, मशिदीत ‘माझा अंदाज चुकला’ हे तीन शब्द किती वेळा उच्चारतो?

आणि सर्वांत अवघड परीक्षा असते ती आपल्याला आवडणाऱ्या अनुमानाची. प्रेषितांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे असल्याचे खगोलगणितावरून मानले जाते. शोकाकुल लोक म्हणू लागले की, सूर्यालाही दुःख झाले. पुत्रवियोगात असलेल्या पित्याला, आणि ज्यांच्या सत्यतेवर शत्रू रोज शंका घेत त्या प्रेषिताला, हे अनुमान किती सोयीचे होते! त्यांनी गप्प राहणे पुरेसे होते. परंतु त्यांनी नमाज पढवली आणि लोकांना समजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. मृत्यू खरा, ग्रहण खरे. दोहोंना जोडणारे कारण मात्र लोकांच्या मनातले. सत्य धर्माला खोट्या आधाराची गरज नसते. ढगांत किंवा कापलेल्या भाजीत पवित्र अक्षरे दिसल्याची चित्रे भक्तिभावाने पुढे पाठवणाऱ्या आपल्या बांधवांनी हा प्रसंग आठवावा.

तपासणीचा हा प्रश्न आपल्या आरोग्याशीही निगडित आहे. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे आणि लोक त्याचे कारण खारे पाणी असे सांगतात. त्यात तथ्य असू शकते. शुद्ध पाण्याची मागणी तर न्याय्यच आहे. परंतु ‘पाण्यानेच झाले’ असे ठरवून जो थांबतो, तो रक्तदाब मोजत नाही, साखर तपासत नाही, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणे सोडत नाही. आणि हीदेखील मूत्रपिंड बिघडण्याची सर्वज्ञात कारणे आहेत. घाईच्या अनुमानाने चौकशीचे दार बंद होते आणि आजार आत राहतो.

घरातील तीन रकाने

मग मुलांना हे शिकवावे कसे? महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही पुरते. तिच्यात तीन रकाने आखावेत: ‘ऐकले’, ‘पाहिले’ आणि ‘मनाने ठरवले’. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी, घरातील मुलांनी त्या आठवड्यातील एक गोष्ट या तीन रकान्यांत मांडावी. “दादाने माझा पेन चोरला,” अशी तक्रार आली तर रागावू नये, वही पुढे करावी. पाहिले काय? पेन दादाच्या दप्तरात होता. ऐकले काय? काही नाही. ठरवले काय? चोरला. आता आणखी कोणकोणत्या रीतीने पेन तिथे जाऊ शकतो, असे विचारावे. मूल स्वतःच दोन-तीन शक्यता सांगते आणि पुष्कळदा तिथेच हसू लागते.

शिक्षकांनी मुलांच्या उत्तराला लगेच चूक किंवा बरोबर म्हणण्याआधी, “हे तुला कशावरून कळले?” असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने मूल निरीक्षणाकडे परत जाते. आणि ज्या मुलाने “मला माहीत नाही” असे प्रामाणिकपणे म्हटले, त्याला शाबासकी द्यावी. आपल्या परंपरेत मोठमोठे विद्वान आपल्या मताच्या शेवटी ‘वल्लाहु आलम’, म्हणजे ‘अल्लाह अधिक जाणतो’, असे लिहीत. ती लेखणीची सवय नव्हती. आपले अनुमान कुठे संपते, याची ती खूण होती.

मात्र वहीतला पहिला हिशेब वडीलधाऱ्यांनी स्वतःचा मांडावा. सुनेविषयी, शेजाऱ्याविषयी, दुसऱ्या मोहल्ल्याविषयी, दुसऱ्या धर्माच्या माणसाविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातले किती पाहिलेले, किती ऐकलेले आणि किती ठरवलेले? मुले आपल्या शिकवण्यापेक्षा आपल्या बोलण्यावरून शिकतात. जेवताना आपण अटकळी वाढल्या, तर शाळेतल्या फळ्यावरचे दोन रकाने व्यर्थ आहेत.

त्या मुलाच्या वहीतील खोडलेला शेरा अजून वाचता येतो, कारण शाई पुरती पुसली जात नाही. परलोकात आपल्या नोंदी उघडल्या जातील तेव्हा तिथे खोडाखोड करायला वाव नसेल. कान विचारले जातील, डोळे विचारले जातील, मन विचारले जाईल. आज अजून वेळ आहे. ज्याच्याविषयी आपण न पाहता काही ठरवले, त्याच्या दाराशी जाऊन विचारण्याला आज अजून वेळ आहे.

हे अल्लाह, आम्हाला सत्य हे सत्य म्हणून दाखव आणि त्यामागे चालण्याचे सामर्थ्य दे. न पाहिलेल्याची साक्ष देण्यापासून आमच्या जिभा वाचव, न तपासलेले पुढे धाडण्यापासून आमचे हात वाचव आणि आमच्या मुलांना पाहणारे डोळे, विचार करणारे मन आणि चूक कबूल करण्याचे धैर्य दे. आमीन.